जमीन आणि अँटेना: एसडब्ल्यूआर मीटर जे सांगत नाही

हौशी रेडियो (हॅम) केंद्रावर १०० वॅटचा रिग (प्रक्षेपक-ग्राहक संच), नीट मापून कापलेली वायर, एसडब्ल्यूआर (अँटेनाची जुळणी सांगणारा आकडा, १.० म्हणजे पूर्ण जुळणी) १.१, आणि तरीही लांबची स्टेशनं दाद देत नाहीत. अशा वेळी बहुतेक जण रिग तपासतात, अँटेनाकडे जाणारी केबल म्हणजे कोअ‍ॅक्स बदलतात, बालून (केबल आणि अँटेना जुळवणारा ट्रान्सफॉर्मर) उघडून बघतात. अँटेनाखालची जमीन मात्र कुणाच्या लक्षात येत नाही, कारण ती कुठल्याच मीटरवर दिसत नाही. उलट जमीन जितकी जास्त शक्ती खाते, तितका एसडब्ल्यूआर पुष्कळदा सुधारतो. डमी लोडचा, म्हणजे सगळी शक्ती उष्णतेत घालवणाऱ्या नुसत्या रेझिस्टरचा, एसडब्ल्यूआर १.० असतो, हे सतत ध्यानात ठेवलं तर पुढचं सगळं सोपं जाईल.

जमिनीचा परिणाम दोन ठिकाणी होतो आणि दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. पहिली जागा अँटेनाच्या अगदी पायाशी, साधारण अर्ध्या तरंगलांबीच्या आत. इथे अँटेनाचं क्षेत्र मातीत शिरतं, मातीत प्रवाह वाहतो आणि शक्तीची उष्णता होते. दुसरी जागा दूर, काही दहा मीटरपासून कित्येक तरंगलांबींपर्यंत. तिथे लहर जमिनीवर आपटून परावर्तित होते आणि सरळ गेलेल्या लहरीत मिसळते. त्या मिश्रणावर ठरतं की तुमचा सिग्नल क्षितिजाकडे जाणार की डोक्यावर. पहिली जागा बऱ्याच अंशी आपल्या हातात असते. दुसरी जशी मिळेल तशी घ्यावी लागते.

माती किती चांगली

मातीचे दोन गुण कामाचे: वाहकता आणि डायलेक्ट्रिक स्थिरांक. हिशेबासाठी 'सामान्य' जमीन म्हणून वाहकता ०.००५ सीमेन्स प्रति मीटर आणि स्थिरांक १३ धरतात. सकस, ओलसर, काळीभोर माती ०.०३ आणि २० पर्यंत जाते. खडकाळ, मुरमाड, कोरडी जमीन ०.००१ ते ०.००२ वर घुटमळते. समुद्राचं पाणी वाहकतेत ५, स्थिरांकात ८१. म्हणजे सामान्य मातीपेक्षा हजारपट वाहक. गोड्या पाण्याचं तळं मात्र फसवं असतं. स्थिरांक ८० असला तरी वाहकता मातीइतकीच किंवा कमी, त्यामुळे तळ्याकाठी समुद्रकाठचा चमत्कार घडत नाही.

लहर मातीत किती खोल उतरते हेही बघा. ३.५ मेगाहर्ट्झला सामान्य जमिनीत ती सुमारे ५ मीटर गेल्यावर ३७ टक्क्यांवर येते, १४ मेगाहर्ट्झला सुमारे ४ मीटरवर. समुद्राच्या पाण्यात ३.५ मेगाहर्ट्झला हीच खोली जेमतेम १२ सेंटिमीटर. त्यामुळे अँटेनाच्या बुडाशी दोन बादल्या पाणी ओतून किंवा मीठ पसरून काही साधत नाही. वरची वीतभर माती भिजते, खालची चार मीटर तशीच राहते. मीठ पावसात वाहून जातं, झाडं मारतं आणि तांब्याच्या जोडण्या खातं. तो उद्योग करूच नये.

आडवी अँटेना: इथे उंचीच सारं काही

डायपोल (मधोमध जोडलेली अर्ध्या तरंगलांबीची वायर), इन्व्हर्टेड व्ही (मध्य उंच, टोकं खाली असलेला डायपोल), यागी (एका दिशेला रोखणारी अनेक दांड्यांची अँटेना) या आडव्या अँटेनांच्या बाबतीत मातीचा कस दुय्यम आहे. कमी कोनात आडव्या ध्रुवणाची (जिचं विद्युत क्षेत्र आडवं डोलतं ती) लहर जवळजवळ कोणत्याही मातीवरून पूर्ण परावर्तित होते. तिचा फेज मात्र उलटतो, त्यामुळे सरळ आणि परावर्तित लहर कुठल्या कोनात एकमेकींना साथ देतील हे फक्त उंचीवर ठरतं. मुख्य पाकळीचा कोन काढायचं सूत्र तोंडपाठ करण्याजोगं आहे: तरंगलांबीला उंचीच्या चौपटीने भागा, आलेल्या संख्येचा व्यस्त साइन म्हणजे टेक-ऑफ अँगल (सिग्नल जमिनीपासून ज्या कोनात निघतो तो).

१४.१५ मेगाहर्ट्झला तरंगलांबी २१.२ मीटर. डायपोल ५.३ मीटरवर टांगला तर सिग्नल सरळ वर, ९० अंशांना. १०.६ मीटरवर ३० अंश, १५.९ मीटरवर सुमारे १९, २१.२ मीटरवर साडेचौदा. आता हाच १०.६ मीटरचा खांब ७.१ मेगाहर्ट्झला वापरा. तरंगलांबी ४२ मीटर, उंची पाव तरंगलांबी, आणि सिग्नल पुन्हा डोक्यावर. म्हणून त्याच खांबावरून २० मीटर बँडवर (१४ मेगाहर्ट्झ) डीएक्स (दूरची स्टेशनं) मिळतं आणि ४० मीटर बँडवर (७ मेगाहर्ट्झ) फक्त काही शे किलोमीटरच्या आतली स्टेशनं जोरात येतात. जवळपासच्या गप्पांसाठी हे उत्तमच. ०.१५ ते ०.२५ तरंगलांबी उंची त्यासाठी मुद्दाम निवडतात.

त्याहून खाली गेलात की माती शक्ती खायला लागते. ८० मीटर बँडचा (३.५ मेगाहर्ट्झ) डायपोल ४ मीटरवर, म्हणजे ०.०५ तरंगलांबीवर, बांधला तर फीडपॉइंटचा (केबल अँटेनाला जिथे जोडते तिथला) रोध बहुधा ५० ओहमच्या आसपास येऊन बसतो आणि मीटर खूश होतो. हीच अँटेना संपूर्ण वाहक पृष्ठावर त्या उंचीला असती तर रोध १० ओहमच्याही खाली गेला असता. वरचे ४० ओहम कुठून आले? मातीतून. ते प्रक्षेपण नव्हे, उष्णता आहे.

उंचीप्रमाणे रोध हेलकावे खातो, हेही जुळवणी करताना कामी येतं. मोकळ्या अवकाशात ७३ ओहम असलेला डायपोल तरंगलांबीच्या साधारण तिसऱ्या हिश्शाच्या उंचीवर १०० ओहमच्या जवळ जातो, अर्ध्यावर ७० च्या आसपास येतो, ०.६ वर ६० च्या घरात उतरतो आणि पुढे ७३ भोवती डुलत राहतो. शिवाय कमी उंचीवर अनुनादी वारंवारिता खाली सरकते. म्हणून वायर कंबरेच्या उंचीवर धरून कापू नये. दोन्ही टोकांना हात-दीड हात जास्त सोडा, अंतिम उंचीवर चढवा, मोजा, उतरवा, जादा वायर दुमडून परत चढवा. कापण्याऐवजी दुमडलं तर चूक सुधारता येते.

उभी अँटेना: परतीची वाट

पाव तरंगलांबीच्या व्हर्टिकलला दुसरा अर्धा भाग नसतो. कोअ‍ॅक्सच्या मध्यतारेतून जितका प्रवाह वर जातो, तितकाच शील्डच्या बाजूने परत यावा लागतो. वाट तांब्याची असेल तर ठीक. नसेल तर तो मातीतून वाट काढतो, आणि माती म्हणजे त्याच्या मालिकेत बसवलेला रेझिस्टर.

पाव तरंगलांबीच्या व्हर्टिकलचा प्रक्षेपण रोध (हवेत जाणाऱ्या शक्तीचा वाटा) ३६ ओहम. फीडपॉइंटवर ५० ओहम दिसत असतील तर वरचे १४ मातीचे. ३६ भागिले ५० म्हणजे ७२ टक्के कार्यक्षमता, १.४ डीबीचा (डेसिबलचा) तोटा. हे फार नाही. पण आता अँटेना आखूड करा. उंची तरंगलांबीच्या एक-अष्टमांश केली, बुडाशी कॉइल घातली, तर प्रक्षेपण रोध ६ ते ७ ओहमवर येतो. माती तीच, १४ ओहमची. कार्यक्षमता ३० टक्क्यांच्या आसपास, कॉइलचा तोटा अजून धरलेलाच नाही. ८० मीटर बँडवर २.४ मीटरची छडी लावली तर प्रक्षेपण रोध ओहमच्या तिसऱ्या हिश्शाइतका उरतो. जमिनीचे १० ओहम धरले तरी १०० वॅटपैकी जेमतेम ३ वॅट हवेत जातात. अँटेना जितकी आखूड, तितकी रेडियलची (बुडापासून चहूकडे पसरलेल्या परतीच्या वायरींची) निकड मोठी, आणि नेमके हेच लोक जागा नाही म्हणून चार वायरी टाकून थांबतात.

रेडियल किती आणि केवढे, याचा पाया १९३७ साली ब्राऊन, लुईस आणि एप्स्टाइन यांच्या मोजमापांनी घातला. मध्यमलहरी प्रसारण केंद्रांच्या मनोऱ्यांखाली १२० रेडियल पुरायची पद्धत त्यातूनच रुजली. आपल्याला तेवढे लागत नाहीत. खरा नियम असा: वायर मोजकी असेल तर थोडे लांब रेडियल टाकण्यापेक्षा पुष्कळ आखूड टाका. प्रवाह बुडाशी सर्वांत दाट असतो, तिथेच तांबं दाट हवं. ०.१ तरंगलांबीचे १६ रेडियल टाकले तर १२० रेडियलच्या तुलनेत कमी कोनात साधारण ३ डीबी मागे राहाल. ०.१२५ चे २४ टाकले तर २ डीबी, ०.२ चे ६० टाकले तर १ डीबी. ७ मेगाहर्ट्झला दुसरा पर्याय म्हणजे ५.३ मीटरच्या २४ वायरी, एकूण सुमारे १२७ मीटर. तिसऱ्याला ५०० मीटरच्या वर लागते. २ वरून १ डीबीवर येण्यासाठी चौपट वायर. म्हणून बहुतेकांनी २४ ते ३२ च्या दरम्यान थांबावं, हे आमचं मत.

जमिनीवर टाकलेले रेडियल बँडप्रमाणे मापून कापायची गरज नसते, माती त्यांचा अनुनाद बिघडवतेच. पण एक खाच आहे. फक्त चार रेडियल, तेही पूर्ण पाव तरंगलांबीचे, गवतावर टाकले तर मातीच्या सान्निध्यात त्यांची विद्युत लांबी वाढते आणि सर्वाधिक प्रवाह बुडाशी न राहता वायरीच्या मध्याकडे सरकतो. तोटा वाढतो. अशा वेळी ते चार रेडियल आखूड केल्यावर सिग्नल वाढलेला दिसतो. वायरींची संख्या वाढली की ही भानगड आपोआप मिटते.

रेडियल अंथरणं

४० मीटर बँडच्या व्हर्टिकलसाठी लागणारं सामान: ०.७५ ते १ चौरस मिलिमीटरची बहुतारी तांब्याची वायर १३० मीटर, साधारण १५ सेंटिमीटर चौरस स्टेनलेस स्टीलचा पत्रा, ६ मिलिमीटरचे स्टेनलेस बोल्ट, नट आणि स्प्रिंग वॉशर, २४ क्रिंप लग, आणि २ ते ३ मिलिमीटरच्या लोखंडी तारेचे यू आकाराचे आकडे दीडशेच्या आसपास. वायरीवर आवरण असलं तरी चालतं. रेडियोला फरक पडत नाही आणि तांबं जास्त टिकतं. ॲल्युमिनियमची वायर मातीत टाकू नका, काही काळात ती पांढरी भुकटी होते.

१. पत्र्याला मध्ये अँटेनाच्या नळीसाठी भोक पाडा, कडेला १२ भोकं. एका बोल्टखाली दोन लग पाठीला पाठ लावून बसतात. कोअ‍ॅक्सच्या शील्डला पत्र्यापर्यंत नेणारी वायर १० सेंटिमीटरपेक्षा लांब नको.

२. गवत आधी अगदी तळाशी कापून घ्या. वायरी खोल पुरायच्या नाहीत. पृष्ठभागावर किंवा दोन-तीन सेंटिमीटर खाली पुरे, खोल गेल्या की उपयोग घटतो.

३. आधी चार वायरी चार दिशांना टाका, मग मधल्या जागा भरत जा. भिंत किंवा वाट आडवी आली तर वायर वळवा, पण मागे बुडाकडे आणू नका. एका बाजूला जागा कमी असेल तर तिकडचे रेडियल आखूड राहू द्या. वर्तुळ गोल नसलं तरी चालतं.

४. प्रत्येक मीटरभर अंतरावर एक आकडा ठोका, टोकाला दोन. एका पावसाळ्यात गवत वायर गिळून टाकतं. सैल राहिलेली वायर गवत कापायच्या यंत्रात अडकते, आणि वायर व यंत्र दोन्ही एकदमच जातात.

५. लग क्रिंप करा आणि जोड जमिनीच्या वर ठेवा. कथिल-शिशाचा डाग मातीखाली कुजतो. पुरावाच लागणारा जोड ब्रेझ केलेला असावा. तांब्याची वायर जस्त लावलेल्या लोखंडाला थेट टेकवू नका, मध्ये स्टेनलेस वॉशर घाला.

६. फीडपॉइंटला चोक (केबलच्या बाहेरून वाहणारा प्रवाह अडवणारी गुंडाळी) लावा. २.४ इंची, ३१ मिक्सच्या फेराइट रिंगवर पातळ कोअ‍ॅक्सचे ११-१२ वेढे या बँडला चांगले काम देतात. चोक नसेल तर कोअ‍ॅक्सची बाहेरची बाजू पंचविसावा रेडियल बनते आणि शॅकमधला (रिगच्या खोलीतला) विद्युत आवाज अँटेनापर्यंत, अँटेनाची आरएफ (रेडियो-लहरींची शक्ती) शॅकपर्यंत आणते.

दर चार रेडियलनंतर अँटेना मोजायच्या अ‍ॅनालायझरवर अनुनादाला रोध मोजून वहीत लिहा. अनुनाद थोडा सरकेल. दरवेळी ज्या वारंवारितेला रिअ‍ॅक्टन्स शून्य होतो तिथला आकडा घ्या. रोध हळूहळू ३६ कडे उतरेल आणि एसडब्ल्यूआर १.१ वरून १.४ कडे चढेल. इथे घाबरून रेडियल काढणारे लोक आहेत! १.४ चा एसडब्ल्यूआर रिग सहज पचवतो. रेडियलची संख्या दुप्पट करूनही रोध ओहम-दीड ओहमपेक्षा जास्त उतरत नसेल तर थांबा. आणखी एक फुकटची चाचणी आहे: जोरदार पावसाच्या आधी आणि नंतर रोध मोजा. मोठा फरक पडला तर प्रवाह अजून मातीतूनच चालला आहे असं समजा.

उचललेले रेडियल

जमीन खडकाळ असेल किंवा वायर अंथरता येत नसेल, तर बूड वर उचला. जमिनीपासून वर घेतलेले चार रेडियल जमिनीवरच्या कित्येक डझन रेडियलच्या तोडीचं काम करतात, कारण त्यांचं क्षेत्र मातीत कमी शिरतं. अट अशी की इथे लांबी काटेकोर हवी. ७.१ मेगाहर्ट्झला सुमारे १० मीटर. आवरणाच्या वायरीचं थोडं कमी भरतं, म्हणून १०.३ ने सुरुवात करून सगळे सारखेच छाटत जा. एक जरी वेगळ्या लांबीचा किंवा पत्र्याच्या छपराला लागून गेला तर प्रवाह असमान वाटला जातो आणि प्रक्षेपणाचा नक्षा वाकडा होतो. क्लॅम्प-ऑन आरएफ अ‍ॅमीटर असेल तर चारही वायरींचा प्रवाह ताडून बघा.

उंची किमान अडीच मीटर ठेवा. टोकांना मोठा व्होल्टेज असतो, हात लागला तर भाजतं. आणि हे रेडियल अर्थिंगच्या रॉडला जोडू नका. जोडले की मातीतला तोटा पुन्हा मागच्या दाराने आत येतो. इथे चोक ऐच्छिक नाही. आकाशातली वीज अडवायची असेल तर फीडलाइनवरचा (अँटेनाच्या केबलवरचा) अरेस्टर, म्हणजे वीजरोधक, चोकच्या शॅककडच्या बाजूला बसवून तो अर्थ करा.

रॉड म्हणजे रेडियो-अर्थ नव्हे

दोन मीटरचा तांब्याचा रॉड ठोकला की 'ग्राउंड' झालं, हा गैरसमज फार जुना आहे. तो रॉड विजेच्या कडकडाटासाठी आणि घरच्या वायरिंगच्या सुरक्षिततेसाठी हवाच. सगळे रॉड एकमेकांना आणि घराच्या मुख्य अर्थला जाड वायरीने जोडलेही पाहिजेत. पण एचएफला (३ ते ३० मेगाहर्ट्झला) तो एकटा रॉड काही दहा ओहमांचा रेझिस्टरच असतो. दहा रॉड ठोकण्यापेक्षा त्याच पैशांत वायर घेऊन पसरवणं कितीतरी फायद्याचं.

गच्चीवर व्हर्टिकल लावणाऱ्यांचं गणित थोडं वेगळं. सळयांचा स्लॅब जवळची, तोटा करणारी जमीन म्हणून वागतो, त्यामुळे रोध आणि तोटा स्लॅबपासूनच्या उंचीवर ठरतो. टेक-ऑफ अँगलवर मात्र इमारतीखालची खरी जमीन आणि आजूबाजूची घरं परिणाम करतात. रेडियल स्लॅबवर टेकवण्यापेक्षा डोक्याच्या वर ताणावेत.

दूरची जमीन

इथे व्हर्टिकलची खरी कसोटी लागते. उभ्या ध्रुवणाच्या लहरीला एक ठरावीक कोन भोवतो, त्याला छद्म-ब्रूस्टर कोन म्हणतात. त्या कोनावर परावर्तन सर्वांत दुबळं, आणि त्याखाली परावर्तित लहर सरळ लहरीला छेद देऊ लागते. सामान्य जमिनीवर हा कोन एचएफच्या मधल्या बँडवर १३ ते १५ अंशांच्या आसपास. म्हणजे डीएक्ससाठी हवे तेच कोन कापले जातात. १४ मेगाहर्ट्झला समुद्रावर तो एका अंशाहून कमी. भरतीच्या रेषेजवळ ठोकलेली साधी व्हर्टिकल दूरच्या मैदानातल्या मोठ्या यागीशी टक्कर देते, ती यामुळे.

रेडियल वाढवून ही उणीव भरून निघत नाही. १० मीटर उंचीवरून १० अंशांना निघणारी लहर ५७ मीटरवर जमिनीला शिवते, ५ अंशांची ११४ मीटरवर. परावर्तन एका बिंदूतून होत नाही, त्याच्या आजूबाजूचा मोठा लांबट पट्टा त्यात भाग घेतो. एवढी जमीन तांब्याने मढवणार कोण? मात्र उतार कामी येतो. हव्या त्या दिशेला जमीन १० अंशांनी उतरत असेल तर आडव्या अँटेनाचा टेक-ऑफ अँगल जवळपास तितकाच खाली येतो, उंच मनोरा न बांधता.

म्हणून निवड अशी करावी. ७ मेगाहर्ट्झ आणि त्याखाली डायपोल अर्ध्या तरंगलांबीइतका वर नेता येत नसेल आणि लांब बोलायचं असेल, तर व्हर्टिकल आणि भरपूर रेडियल. १४ मेगाहर्ट्झ आणि वर १० मीटरचा खांब मिळत असेल, तर बहुतेक मातींवर डायपोलच बरा. तोटा करणारी माती एकाच ठिकाणी हवीहवीशी वाटते: बेव्हरेज अँटेना. जमिनीपासून दोन-तीन मीटरवर धावणारी ती लांब वायर दुबळ्या मातीमुळे लहर पुढे झुकते म्हणूनच ऐकू शकते. समुद्रावर ती बहिरी होते.

आधी कागदावर, मग हवेत

संगणकावर मॉडेल करताना जमिनीचा प्रकार नीट निवडा. मिनिनेक (मॉडेलिंगचा एक प्रोग्रॅम) प्रकारची जमीन फीडपॉइंटचा रोध संपूर्ण वाहक धरून काढते, त्यामुळे कमी उंचीच्या आडव्या अँटेनाचा गेन फुगवून दाखवते. सोमरफेल्ड-नॉर्टन (खऱ्या मातीचा तोटा धरणारा) पर्याय घ्या. एनईसी-२ हा मॉडेलिंगचा प्रोग्रॅम पुरलेल्या वायरी हाताळत नाही. रेडियल जमिनीपासून काही सेंटिमीटर वर दाखवून अंदाज घेता येतो, पण तोट्याचा आकडा ब्रह्मवाक्य मानू नका.

शेवटी तुलना हवेतच करावी लागते. एस-मीटर (रिगवरचा सिग्नलचा जोर दाखवणारा मीटर) इथे निरुपयोगी, कारण फेडिंग मिनिटागणिक १०-१५ डीबी हलवतं. डब्ल्यूएसपीआर (कमी शक्तीचे ठरावीक संकेत पाठवून ते कुणी किती ऐकले हे नोंदवणारी पद्धत) वापरा. एकाच शक्तीने, दोन-दोन मिनिटांचे स्लॉट आलटून पालटून दोन अँटेनांना द्या आणि दोन्ही ऐकणाऱ्या एकाच रिसीव्हरचे लागोपाठचे एसएनआर (सिग्नल आणि गोंगाट यांचं गुणोत्तर) जोडीजोडीने वजा करा. अशा जोड्या शंभरेक जमल्यावर मध्यक काढा. ५०० किलोमीटरच्या आतली आणि ३००० च्या पलीकडची स्टेशनं वेगळ्या रकान्यात ठेवा, नाहीतर उंच कोनाचा आणि कमी कोनाचा हिशेब एकमेकांत मिसळून दोन्ही अँटेना सारख्याच वाटतील. आणि प्रत्येक दिवसासमोर जमीन ओली की सुकी, एवढा एक शब्द लिहीत चला.